मोटरहेड पंक की मेटल? हद्दीवरच्या वादाची गोष्ट

मोटरहेड या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम वर्षानुवर्षं एकाच घोषणेने सुरू व्हायचा. माइक तोंडापेक्षा उंच लावलेला असायचा. मान वर करून गायक लेमी किल्मिस्टर सांगायचा, आम्ही मोटरहेड, आणि आम्ही रॉक अँड रोल वाजवतो. त्याचं हे म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. रेकॉर्डच्या दुकानांनी मोटरहेडला हेवी मेटलच्या कप्प्यात ठेवलं. लांब केसांच्या बँडांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या लंडनच्या पंक पोरांनी लेमीला मात्र आपल्यातलाच मानलं. १९७८ मध्ये तो 'द डॅम्ड' या पंक बँडसोबत काही काळ बास गिटार वाजवायलाही उभा राहिला. १९९१ मध्ये मोटरहेडने रमोन्स या पंक बँडवर प्रेमाने एक गाणं केलं. आणि २००५ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं ते मेटलच्या विभागात, मेटालिका या मेटल बँडचं एक गाणं आपल्या पद्धतीने वाजवल्याबद्दल.

मग हा बँड पंक की मेटल?

दोन्ही रॉकचीच आक्रमक रूपं, त्यामुळे लांबून ऐकणाऱ्याला हा शब्दाचा कीस वाटतो. दोन्हीकडे फाटक्या आवाजाची गिटार, दोन्हीकडे आरडाओरडा, दोन्हीकडे चामडी जाकिटं. तरीही हा वाद पन्नास वर्षं टिकून आहे. माझ्या मते त्याचं कारण असं की, वाद घालणारे दोघं बहुतेक वेळा दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एक जण बँड वाजवतो कसा ते सांगत असतो, दुसरा तो बँड कुणाचा ते सांगत असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून भांडण मिटत नाही.

गंमत अशी की, सुरुवातीला या दोन शब्दांमध्ये भिंत नव्हतीच. १९७०च्या आसपास डेट्रॉइटच्या 'क्रीम' मासिकात लिहिणारी तरुण समीक्षक मंडळी दोन्ही शब्द सढळ हाताने वापरत होती. मिशिगनमधल्याच 'द स्टूजेस' आणि 'एमसी५' या बँडांवर आज पंकवालेही हक्क सांगतात आणि मेटलवालेही. १९७० मध्ये 'रोलिंग स्टोन'मधल्या एका परीक्षणात माइक सॉन्डर्स नावाच्या तरुणाने 'हेवी मेटल' हे शब्द संगीताच्या एका प्रकारासाठी वापरले. असा वापर करणाऱ्या अगदी पहिल्या लेखकांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. हाच सॉन्डर्स पुढे लॉस एंजलिसच्या 'अँग्री समोअन्स' या पंक बँडचा गायक झाला, 'मेटल माइक' हे टोपणनाव तसंच ठेवून. ज्याने एका बाजूची पाटी रंगवायला हात लावला, तो आयुष्यभर दुसऱ्या बाजूला गात राहिला आणि त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता वाजतं कसं, ते पाहू. इथे थोडं बारकाईने ऐकावं लागेल.

मेटलचा उगम बहुतेक जण बर्मिंगहॅमच्या 'ब्लॅक सॅबथ'कडे नेतात. त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून तारा सैल सोडल्या. तार सैल झाली की सूर खाली जातो. १९७१पर्यंत सॅबथचा सूर नेहमीपेक्षा दीड स्वराने खाली आला होता. मेटलमधला तो जड, पोटात घुमणारा आवाज एका कामगाराच्या जखमी हातातूनही आला आहे.

या आवाजावर मेटलने पुढे जे उभं केलं, त्यात रिफला मध्यवर्ती जागा आहे. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी, ठसठशीत स्वरावली. मेटलचं गाणं बहुतेक वेळा रिफला रिफ जोडून रचतात, आणि गायकाच्या ओळी त्या रिफवर बसवतात. दुसरी खूण तारा छेडणाऱ्या हाताची. तळव्याची कड तारांच्या मुळाशी हलकेच टेकवून वाजवलं की तार मोकळी न वाजता दबकी, धपधप अशी वाजते. थ्रॅश, म्हणजे सुसाट वेगाचं मेटल, ऐकताना यंत्र चालल्यासारखा जो भास होतो, तो या दाबलेल्या तारेचा. त्यात मधूनच तालाची बदलाबदली, लांबलचक सोलो, म्हणजे एकट्या गिटारची करामत, आणि वरच्या पट्टीत जाणारा गायक.

पंकची गिटार याच्या उलट, मोकळी सोडलेली. न्यूयॉर्कच्या 'रमोन्स'चा १९७६चा पहिला अल्बम घ्या. चौदा गाणी, आणि सगळा मामला अर्ध्या तासाच्या आत संपतो. गिटारवादक जॉनी रमोन जवळजवळ सगळं फक्त खाली येणाऱ्या फटक्यांनी वाजवतो. हात वर जाताना तारेला लागत नाही, खाली येतानाच लागतो. त्या वेगात हे करत राहणं म्हणजे मनगटाची परीक्षा असते, करून बघितल्याशिवाय पटत नाही. सोलो जवळपास नाहीतच. तीन-चार कॉर्ड (एकत्र वाजवलेल्या स्वरांचे गुच्छ) आणि सहज गुणगुणता येईल अशी चाल, बस.

इथपर्यंत सगळं सरळ दिसतं. पण हीच कसोटी लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स'च्या १९७७च्या अल्बमला लावा, लगेच गोची होते. जगातला सगळ्यात गाजलेला हा पंक अल्बम कच्चा, घाईत उरकलेला वाटेल असं कुणालाही वाटतं. प्रत्यक्षात निर्माता ख्रिस थॉमसने स्टीव्ह जोन्सची गिटार थरावर थर देऊन नोंदवली होती. कान बंद न ठेवता ऐकलं तर तो आवाज भरीव हार्ड रॉकचा आहे. पंक आहे तो गायक जॉनी रॉटनचा गळा आणि त्याच्या तोंडचे शब्द. 'पंकवाल्यांना वाजवता येत नाही' हे वाक्यही असंच. वॉशिंग्टनचे 'बॅड ब्रेन्स' आधी जाझ फ्यूजन, म्हणजे जाझ आणि रॉकचं अवघड मिश्रण, वाजवत होते. त्यांच्या वेगाला आणि सफाईला गाठणारे मेटल बँड त्या काळी हाताच्या बोटांवर मोजावे लागले असते.

गाण्याच्या विषयावरून ओळखायला गेलं तरी फसगत होते. पंक म्हणजे रस्त्यावरचं राजकारण आणि मेटल म्हणजे भुतंखेतं, असा ढोबळ समज आहे. सॅबथने १९७० मध्येच युद्धखोर सेनापतींवर गाणं केलं होतं. आणि 'मिसफिट्स' हा अस्सल पंक बँड जन्मभर भयपटांमधली हाडं-कवट्या घेऊन गात राहिला.

माझं स्वतःचं मत असं की, खरा साक्षीदार ड्रम्सचा ठेका. गिटारचा आवाज अॅम्प्लिफायर बदलला की बदलतो, केस कापता येतात, पण ठेका कुठून आला ते लपवता येत नाही.

इंग्लंडच्या स्टोक-ऑन-ट्रेंट गावचा 'डिस्चार्ज' हा बँड याचं उत्तम उदाहरण. १९८२च्या त्यांच्या अल्बममध्ये अणुयुद्धाच्या भीतीवर तीन-चार ओळी पुन्हा पुन्हा ओरडल्या आहेत, आणि खाली एकच ठेका धावतोय. स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम, दर दुसऱ्या मात्रेला ठामपणे पडतो आणि पायाने वाजणारा बेस ड्रम मात्रांच्या मधल्या फटीत घुसतो. त्यामुळे ठेका सरळ चालत नाही, पुढे ढकलल्यासारखा झेपावतो. या ठेक्याला बँडच्या आद्याक्षरावरून 'डी-बीट' म्हणतात. त्यावर मोटरहेडच्या ढोलांची छाप स्पष्ट ऐकू येते. म्हणजे मेटलच्या कप्प्यातल्या बँडकडून ठेका पंककडे आला. तिथून तो स्वीडनच्या पंक बँडांनी उचलला. आणि १९९०च्या सुमारास स्टॉकहोमच्या 'एन्टूम्ड'सारख्या डेथ मेटल (घशातून गुरगुरणाऱ्या गळ्याचं मेटल) बँडांत तोच ठेका पुन्हा मेटलमध्ये शिरला. पंधराएक वर्षांत एका ठेक्याने हद्द दोनदा ओलांडली. पाटीवाद्यांनी याचं काय करायचं?

पण ठेका ऐकूनही भांडण संपत नाही, कारण दुसरा प्रश्न उरतोच: हा बँड कुणाचा?

आपल्याकडच्या घराण्यांचा वाद आठवा. एखादा गायक तालमीने किराण्याचा, पण गळ्यातून निघतं त्यात आग्र्याचं अंग दिसतं. त्याला कुठल्या घराण्याचा म्हणायचं? तालीम पाहायची की गायकी? पंक आणि मेटलमध्ये तालमीची जागा घेतली ती जागांनी, मासिकांनी, रेकॉर्ड कंपन्यांनी आणि समोर उभ्या राहणाऱ्या पोरांनी.

ब्रिटनमध्ये 'साउंड्स' नावाचं साप्ताहिक होतं. १९७९ मध्ये त्याने 'ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट' हा शब्दप्रयोग रूढ केला. त्याच साप्ताहिकातल्या गॅरी बुशेलने कामगार वस्तीतल्या पंकला 'ऑय!' हे नाव दिलं. दोन्ही पाट्या एकाच कचेरीत रंगल्या. नव्या लाटेतला सगळ्यात मोठा बँड म्हणजे 'आयर्न मेडन'. त्यांचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस पंकवरचा राग कधीच लपवत नाही. तरी १९८०च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर गायक पॉल डिॲनोचा खरखरीत, रस्त्यावरचा गळा ऐका, त्याचे आखूड केस पाहा, आणि पंकचा वारा लागला नव्हता असं म्हणून दाखवा. त्याआधी १९७९ मध्ये मेडनने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या पाच हजार प्रती स्वतःच काढून विकल्या होत्या. हा मार्ग १९७७ मध्ये मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या पंक बँडने आपली रेकॉर्ड स्वतः छापून दाखवून दिला होता. वृत्ती पंकची, संगीत मेटलचं. हॅरिसला आवडो न आवडो, मला तरी हे तसंच दिसतं.

अमेरिकेत हीच गोष्ट अधिक कडवट झाली. १९८०नंतर तिथे पंकचं आणखी वेगवान, आणखी खडबडीत रूप आलं, त्याला 'हार्डकोर' म्हणतात. हार्डकोरची पोरं डोकं भादरलेली, मेटलची पोरं खांद्यापर्यंत केस वाढवलेली. लांब केस घेऊन हार्डकोरच्या कार्यक्रमाला जायचं तर मार खायची तयारी ठेवावी लागे. पण कॅसेटी केसांची लांबी विचारत नाहीत. मेटालिकाचा बास वादक क्लिफ बर्टन मिसफिट्सचं चिन्ह दंडावर गोंदवून फिरत होता. दुसरीकडे हार्डकोरवाले गुपचूप स्लेयर हा मेटल बँड ऐकत होते. 'थ्रॅश' हा शब्दच बघा. हार्डकोरवाले तो सुसाट पंकसाठी वापरायचे आणि मेटलवाले सुसाट मेटलसाठी. दोघं एकच शब्द वापरून एकमेकांशी भांडत होते.

ह्यूस्टनमध्ये सुरू झालेल्या 'डी.आर.आय.' या बँडच्या रेकॉर्डी ओळीने ऐकल्या की हद्द पुसली जाताना कानांनी ऐकता येते. १९८३ मध्ये त्यांनी एका छोट्या तबकडीवर बावीस गाणी कोंबली होती. बहुतेक गाणी मिनिटभराचीही नाहीत. पुढे गाणी लांबली, दाबलेल्या तारेची धपधप आली, रिफ आले, सोलो आले. १९८७च्या अल्बमचं नावच त्यांनी 'क्रॉसओव्हर' ठेवलं, आणि तेच या मिश्र प्रकाराचं नाव होऊन बसलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या 'क्रो-मॅग्स'नी हार्डकोरच्या अंगाने आणि मेटलच्या वजनाने १९८६चा अल्बम केला. हरे कृष्ण चळवळीकडे वळलेल्या या पोरांनी त्याचं नाव कलियुगावरून ठेवलं होतं.

सगळ्यांनाच हे जमलं नाही. ज्यांच्या ठेक्यावर अख्खा उपप्रकार उभा राहिला, त्या डिस्चार्जनेच १९८६ मध्ये चकचकीत मेटलचा अल्बम काढला. गायक वरच्या पट्टीत किंचाळू लागला. चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. डी.आर.आय. आणि डिस्चार्ज दोघंही पंककडून मेटलकडे सरकले होते, मग एकाला टाळ्या आणि दुसऱ्याला शिव्या का? मला वाटतं, डी.आर.आय.ने मेटलमधून घेतला तो वेग, वजन आणि रिफ. डिस्चार्जने घेतला तो झगमगाट. ऐकणाऱ्यांना सूर बदललेला चालतो, आपली साथ सोडलेली चालत नाही. 'हे पंक नाही' असं कुणी चिडून म्हणतो, तेव्हा पुष्कळदा 'तुम्ही आता आमचे राहिला नाहीत' असं त्याला म्हणायचं असतं. ते दुःख खरं आहे, त्याला हसू नये.

कधी कधी असा नाकारलेला प्रयोगच पुढे दार उघडतो. हार्डकोरचा आधारस्तंभ असलेल्या 'ब्लॅक फ्लॅग'ने १९८४ मध्ये 'माय वॉर' हा अल्बम काढला. पहिली बाजू वेगवान. तबकडी उलटली की दुसऱ्या बाजूला फक्त तीन गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर, सॅबथच्या चालीने रखडत, फरफटत जाणारी. बँडने केसही वाढवले होते. वेगासाठी आलेले चाहते गोंधळले आणि चिडले. पण वॉशिंग्टन राज्यातल्या 'मेल्व्हिन्स'सारख्या पोरांना त्या दुसऱ्या बाजूत आपली वाट दिसली. पंकचा त्रागा आणि सॅबथचं वजन एकत्र आलं की काय होतं, ते त्या भागातून आलेल्या 'निर्वाणा'ने पुढे सगळ्या जगाला ऐकवलं. त्याला तिसरंच नाव मिळालं, 'ग्रंज'. दोन कप्प्यांत न बसणाऱ्या गोष्टीला बाजार लगेच नवा कप्पा करून देतो.

सॅबथच्याच बर्मिंगहॅममध्ये 'नेपाम डेथ' हा बँड सत्ताविरोधी पंकमधून आला. त्यांचा १९८७चा 'स्कम' हा अल्बम म्हणजे या सगळ्या वादाचा अर्क आहे. अठ्ठावीस गाणी. त्यातलं एक १.३१६ सेकंदांचं, गिनीज बुकात नोंद झालेलं. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेळी मुद्रित झाल्या आणि दोन्हींवर असलेला माणूस एकच, ड्रमवादक मिक हॅरिस. त्याचे स्नेअर आणि बेस ड्रम इतक्या वेगाने आलटून पालटून पडतात की मात्रा वेगळ्या ऐकूच येत नाहीत, एक सलग खडखडाट होतो. शब्द युद्धाविरुद्ध, कंपन्यांविरुद्ध, म्हणजे पक्के पंक. आवाज घशाच्या तळातून आलेला, म्हणजे मेटलचा. हॅरिसने या प्रकाराला 'ग्राइंडकोर' म्हटलं. त्या तबकडीवरचे लोक पुढे पांगले: ली डोरियनने संथ, जड डूम मेटलचा बँड काढला, बिल स्टीअर 'कार्कस'मधून डेथ मेटलकडे गेला, जस्टिन ब्रॉडरिकने यंत्राच्या ठेक्यावर 'गॉडफ्लेश' उभा केला. एका पंक अल्बममधून मेटलच्या तीन वाटा फुटल्या.

आपल्याकडे हा वाद आला तो बराच पुढे, आणि बराच मवाळ होऊन. मुंबईत १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव सुरू झाला. रंगभवनच्या मोकळ्या मंचावर जमलेल्या गर्दीला सगळं 'रॉक'च होतं. बँड मोजके आणि मंच त्याहून मोजके असतील, तर कप्पे करून परवडत नाही. मुंबईचा 'स्क्राइब' हा बँड हार्डकोरच्या अंगाचा, तरी वाढला तो मेटलच्या श्रोत्यांत, आणि त्याने २०१४च्या अल्बमच्या नावात थेट मोगॅम्बोला आणून बसवलं. त्याला पंक म्हणावं की मेटल, यावर मुंबईत मारामारी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग पाट्या फेकून द्यायच्या का? मी तसं म्हणणार नाही. ज्याला डिस्चार्ज आवडला, त्याला 'डी-बीट' हा एक शब्द माहीत असला की स्वीडनपर्यंतचे बँड सापडतात. पाटी शोधायला उपयोगी पडते. अडचण होते ती पाटी हाती धरून कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दाराबाहेर ठेवायचं हे ठरवायला लागलो की. म्हणून कुणी 'हे मेटल नाहीच' म्हणालं, तर आधी विचारा: ठेक्याबद्दल बोलतोस, गिटारबद्दल, की लोकांबद्दल? निम्मं भांडण तिथेच विरघळतं, आणि उरलेलं निम्मं ऐकण्यासारखं असतं.

स्वतः पडताळून पाहायचं असेल, तर सेक्स पिस्टल्सचं 'अनार्की इन द यू.के.' ऐका आणि लगोलग मेगाडेथ या मेटल बँडने १९८८ मध्ये केलेली त्याचीच आवृत्ती लावा. गाणं तेच. दुसऱ्या आवृत्तीत गिटारवर पाहुणा म्हणून पिस्टल्सचा स्टीव्ह जोन्सच आहे. पहिल्यांदा फक्त गळा ऐका, दुसऱ्यांदा फक्त गिटार, आणि तिसऱ्यांदा सगळं विसरून फक्त ड्रम्स. मग मोटरहेडचा १९८०चा 'एस ऑफ स्पेड्स' लावा.